काहीही फरक नाही, असं धरून चालू

नांदगावात मत नसलेला माणूस शोधायचा तर मनमाडला जावं लागेल, आणि तिथेही तो गाडी बदलायला उतरलेला परगावचाच निघेल. आमच्याकडे प्रत्येकाजवळ निदान एक सिद्धान्त असतो आणि तो कधीच सिद्ध होऊन बसलेला असतो. आपण माल नेला की बाजार समितीत कांद्याचा भाव पडतो. आपण वेळेवर स्टेशनात पोचलो की गाडी लेट, आपण लेट पोचलो की गाडी वेळेवर. शाकांबरी नदीच्या पुलावर उभं राहून ढगाकडे बघत ‘हा काही बरसत नाही’ असं सांगणारे तज्ज्ञ तर जून ते सप्टेंबर तिथे मुक्कामालाच असतात. त्यांचा अंदाज बहुधा खराही ठरतो. तालुका पर्जन्यछायेतला. इथे डोळे मिटून रोज ‘नाही’ म्हणणारा माणूससुद्धा वेधशाळेच्या तोंडात मारेल.

कांद्याच्या सिद्धान्ताबद्दल मात्र मला थोडी सहानुभूती आहे. काल भाव चढला म्हणून आज आपण ट्रॅक्टर भरतो, तसा तो बाकीच्यांनीही भरलेला असतो. आवक वाढते, भाव पडतो. म्हणजे ‘मी नेला की पडतो’ हे निरीक्षण चुकीचं नाही. त्यातला ‘मी’ तेवढा चुकीचा आहे. पण हे लिलावाच्या ओट्याजवळ उभं राहून सांगू नये, एवढं शहाणपण मला आहे.

अशा गावात एका निवृत्त प्राध्यापकांनी संख्याशास्त्राचा क्लास काढला. झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर, संध्याकाळी. भाची बी.एस्सी.ला आहे, तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे, म्हणून मी मागच्या बाकावर. पुढच्या बाकांवर एम.एड. करणारे दोन शिक्षक, खात्याच्या परीक्षेची तयारी करणारा एक कृषी सहायक, आणि फुकट वायफायच्या आशेने आलेली दोन-तीन मुलं. वायफाय नव्हतं. तरी मुलं टिकली, हे सरांच्या शिकवण्याचं श्रेय.

सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं : ‘शून्य परिकल्पना : काहीही फरक नाही.’ आणि म्हणाले, “कुणीही कसलाही दावा केला, की आपण आधी धरून चालायचं की त्यात काही नाही. नवं औषध जुन्यासारखंच. नवी शिकवण्याची पद्धत जुन्यासारखीच. मग माहिती गोळा करायची आणि बघायचं, की ‘काही नाही’ असं धरलं तर हे जे दिसतंय ते कितपत शक्य होतं. फारच अशक्य वाटलं, तर ते ‘काही नाही’ सोडून द्यायचं.”

वर्गात नाराजी पसरली. ज्या गावात लग्नाच्या पंगतीत वाढपीही ‘आमच्या जिलबीसारखी जिलबी जिल्ह्यात नाही’ असं सांगून वाढतो, तिथे ‘तुमच्यात विशेष काही नाही असं धरून बोलणी सुरू करू’ हे शास्त्र रुजायचं कसं? पहिल्या बाकावरचे गुरुजी म्हणालेच, “सर, हे जरा अपमानास्पद नाही का?” सर म्हणाले, “आहे. पण सगळ्यांचा सारखाच आहे.”

दुसऱ्या आठवड्यात सरांनी जाहीर केलं, “उद्या टी-टेस्ट.” झेरॉक्सवाल्याच्या शेजारी नानांचं चहाचं हॉटेल आहे. माडीही नानांचीच. ही बातमी जिन्यावरून खाली उतरेपर्यंत तिचं काय झालं असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी नाना स्वच्छ टोपी घालून पहिल्या बाकावर हजर. वर्गात मालकच बसल्यावर ‘तुमचा विषय नाही’ असं सांगणार कोण? सरांनी समजावलं की टी-टेस्टचा चहाशी संबंध नाही. ती काढली विल्यम गॉसेट या माणसाने, १९०८ साली. तो डब्लिनला गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. चार-दोन नमुन्यांवरून बार्लीबद्दल काही ठामपणे म्हणता येईल का, हा त्याचा धंद्याचा प्रश्न. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लेख छापू देत नसे, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला.

एम.एड.चे गुरुजी गंभीर झाले. आपल्या लघुप्रबंधाच्या पाचव्या प्रकरणाची सगळी भिस्त बिअरच्या कारखान्यावर आहे, ही माहिती त्यांना नवी होती. “हे मार्गदर्शकांना माहीत असेल का?” त्यांनी हळूच विचारलं. नानांना मात्र बिअरमध्ये रस नव्हता. “पण चहाचं काहीच नाही का हो तुमच्या शास्त्रात?”

आणि सरांचा चेहरा उजळला. कारण चहाचं आहे. आणि असं आहे की या शास्त्राच्या पोथीचा पहिला अध्यायच चहाचा म्हणावा. लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथे १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ कामाला होता. तिथल्याच म्युरिएल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंनी दावा केला, की कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मी चव घेऊन ओळखते. फिशरने त्यावरून आठ कपांचा प्रयोग मांडला. चार असे, चार तसे, क्रम मिसळलेला. १९३५ च्या त्याच्या पुस्तकात हा प्रयोग सविस्तर आला आणि तेव्हापासून जगभरची मुलं तो शिकतात. बाईंनी आठही कप बरोबर ओळखले असं सांगतात.

“आधी दूध की आधी चहा?” नाना विचारात पडले. “म्हणजे वेगवेगळं घालतात?” त्यांची समजूत घालायला वेळ लागला. आपल्याकडे पाणी, दूध, साखर, पत्ती, आलं ही सगळी मंडळी एकाच पातेल्यात उतरतात आणि आधी कोण आलं ही तक्रार उकळीबरोबर मिटते. “हे काय ओळखायचं?” नाना म्हणाले. “मी म्हशीचं दूध आणि पिशवीचं दूध घोटाभरात सांगतो. चहात. साखर घालून.”

“नाना,” सर म्हणाले, “काही फरक नाही, असं धरून चालू.”

पुढचा आठवडा तयारीत गेला. इथे सांगायला हवं की प्रयोगापेक्षा तयारीच शिकवून जाते. दोन पातेली, पत्ती एकाच डब्यातली, साखर मोजून. म्हशीच्या दुधाचा चहा घट्ट आणि पांढुरका दिसतो, तेव्हा नानांच्या डोळ्यांवर उपरणं. एका पातेल्याखालचा गॅस मोठा असला तर तोंडाला चटका बसून ओळखू येईल, म्हणून दोन्ही चहा थर्मासमध्ये. कोणता कप कितवा द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ते काम भाचीचं, आणि ती यादी घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसली, कारण तिच्या तोंडावर सगळं दिसतं. कप आणून देणाऱ्या पोऱ्याला कशात काय आहे हे माहीत नव्हतं. नाहीतर त्याने मालकाला खोकून सांगितलं असतं. सरांनी सगळ्यात शेवटी फळ्यावर लिहिलं : ‘आठही बरोबर आले तरच दावा मान्य.’ आणि नानांची खाली सही घेतली.

या सहीचं महत्त्व तेव्हा कुणाला कळलं नाही.

नानांनी आठ कप संपवले. प्रत्येक घोटानंतर टाळूला जीभ लावून, छताकडे तोंड करून, गायकाने सूर लावावा तसा विचार करत. निकाल लागला : आठपैकी सहा बरोबर. म्हशीचा एक पिशवीचा म्हटला गेला, पिशवीचा एक म्हशीचा.

“पंच्याहत्तर टक्के!” नानांनी उपरणं सोडलं. “दहावीला याला विशेष प्रावीण्य म्हणतात!”

सरांनी हिशेब मांडला. आठ कपांतून म्हशीचे चार निवडायचे एकूण ७० प्रकार. त्यांत पूर्ण बरोबर प्रकार एकच. म्हणजे ज्याला काहीही कळत नाही असा माणूसही सत्तरांत एकदा आठही बरोबर सांगेल. शंभरात दीडाच्याही आत. एवढी दुर्मीळ गोष्ट घडली, तर नशिबाला बाजूला सारून नानांच्या जिभेला मान द्यायचा. पण सहा बरोबर यायचे प्रकार १६. ते आणि तो आठवाला एक मिळून १७. सतरा भागिले सत्तर, म्हणजे साधारण चोवीस टक्के. ज्याला दुधातलं ओ की ठो कळत नाही, तोही चारांत एकदा इतकं किंवा याहून चांगलं करून दाखवील.

“म्हणजे मी थापा मारतो याची शक्यता चोवीस टक्के?”

“नाही नाना. तुम्हाला ओळखता येत नाही असं धरलं, तर असा निकाल लागायची शक्यता चोवीस टक्के.”

“तेच ना?”

तेच नव्हे. आणि या दोन वाक्यांमधल्या फटीत नांदगावचे नानाच पडतात असं नाही. प्रबंधवाले पडतात, डॉक्टर पडतात, प्राध्यापकही पडतात. शेवटी २०१६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला जाहीर निवेदन काढावं लागलं, की बाबांनो, हा आकडा म्हणजे तुमची परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे. जगातल्या कुठल्या दुसऱ्या शास्त्राला आपल्याच लोकांसाठी, आपल्याच रोजच्या आकड्याचा अर्थ सांगणारं पत्रक काढावं लागलं असेल, मला शंका आहे.

“बरं, मग मी हरलो?”

“नाही. तुम्हाला ओळखता येत नाही असं काही सिद्ध झालेलं नाही.”

“मग जिंकलो?”

“तसंही नाही. पुरावा पुरेसा नाही, एवढंच.”

“मग आठ कप चहा कशाला केला?”

हा प्रश्न तसा बिनतोड. नानांचं पुढचं म्हणणं त्याहून बिनतोड होतं. “ते जे दोन चुकले ना, ते थंड झाले होते. ते सोडा. बाकीचे बघा, शंभर टक्के!” एम.एड.चे दोन्ही गुरुजी यावर काहीच बोलले नाहीत. पण एकाने वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि मला त्यांच्या लघुप्रबंधाची काळजी वाटायला लागली.

सरांनी मग नानांना खराखुरा दिलासा दिला. आठ कप कमी पडतात. आठात एखादी जोडी चुकली की खऱ्या दर्दीचाही निकाल लागतो. पण चोवीस कप घेतले, बारा-बारा, आणि तेव्हाही नेमके हेच पंच्याहत्तर टक्के, म्हणजे अठरा, बरोबर आले, तर नशिबाने तसं व्हायची शक्यता उरते जेमतेम दोन टक्के. टक्केवारी तीच, पण वजन बारापट. नानांना हे एकदम पटलं. “म्हणजे जास्त चहा प्यायला की माणूस जास्त खरा!” चोवीस कपांचा प्रयोग नानांच्या पित्ताच्या कारणाने पुढे ढकलला आहे.

त्या दिवशी खरं कुणाला उमजलं असेल तर कृषी सहायकाला. तोवर तो ‘पहिल्या प्रकारची चूक’ आणि ‘दुसऱ्या प्रकारची चूक’ यांची व्याख्या घोकत होता आणि रोज उलटी सांगत होता. फळ्यावरच्या नानांच्या सहीकडे बघत तो म्हणाला, “सर, ही तर आमची पेरणी!” कृषी खातं दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. म्हणजे ‘पाऊस अजून आलेला नाही’ असं धरून चाला आणि आकडा गाठला की मगच ते सोडा. दोन सरींना भुलून मका टाकला आणि पावसाने डोळे वटारले, की दुबार पेरणी. ही पहिली चूक. आकड्याची वाट बघत बसलो आणि वाफसा निघून गेला, हंगाम हुकला. ही दुसरी. आकडा चढवला तर दुबार पेरणी टळते पण हंगाम जातो. उतरवला तर उलटं. “काय सांगस भो!” मागून कुणीतरी म्हणालं. नांदगाव तालुक्यात दुबार पेरणी म्हटल्यावर व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. बियाण्याची पिशवी दोनदा आणलेला माणूस पहिल्या प्रकारची चूक विसरत नाही.

“पण सर,” तो पुढे म्हणाला, “आकडा आधी सांगूनही लोक ढग बघूनच पेरतात.”

सर म्हणाले, “संशोधकही.”

हे सरांनी गमतीने म्हटलं नव्हतं. ‘काही नाही’ सोडून द्यायची हद्द, म्हणजे सार्थकता स्तर, बहुधा ०.०५ धरतात. हा विसात एक काही वेदांतून आलेला नाही. फिशरने १९२५ च्या पुस्तकात तो सोयीचा म्हणून सुचवला आणि जगाने तो देवाच्या फोटोसारखा भिंतीला ठोकला. आता विसात एक म्हणजे काय? कशातच काही दम नसलेल्या वीस गोष्टी वीसदा तपासल्या, तर निदान एक तरी ‘सार्थक’ निघायची शक्यता चौसष्ट टक्के. मग ती एक छापायची आणि एकोणीस माळ्यावर टाकायच्या.

एम.एड.चे लघुप्रबंध मी भाचीची वाट बघता बघता बरेच चाळले. कार्यक्रम संशोधकाने स्वतः तयार केलेला, स्वतः शिकवलेला, चाचणी स्वतः काढलेली, पेपर स्वतः तपासलेले, विद्यार्थी स्वतःच्याच वर्गातले. आणि शेवटी, ‘सबब शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे’. माझ्या हाती आलेल्या एकाही प्रबंधात कार्यक्रम फसलेला नव्हता. इतक्या परिणामकारक पद्धती एका तालुक्यात जमल्यावर आमची मुलं अजून गणितात का नापास होतात, हा खरा संशोधनाचा विषय आहे. पण त्यात शून्य परिकल्पनेचा त्याग होईल याची खात्री नाही, म्हणून तो कुणी घेत नाही.

इतकं झाल्यावर विषय पत्रिकांकडे वळणार हे ठरलेलंच होतं. नस्तनपूरचे शनिमहाराज आमच्याच तालुक्यात. इथे साडेसाती हा चेष्टेचा विषय नाही. त्यातून नानांच्या हॉटेलात रोज संध्याकाळी एक ज्योतिषी गुरुजी बसतात. त्यांना वर बोलावलं गेलं आणि सरांनी पुण्यातली हकिकत सांगितली.

२००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास करून त्याचे टीकाकार झालेले प्रकाश घाटपांडे, या चौघांनी ज्योतिषाची परीक्षा मांडली. शंभर हुशार मुलं आणि विशेष शाळांतली, बौद्धिक अपंगत्व असलेली शंभर मुलं, अशा दोनशे जणांच्या पत्रिका. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि कोणती कुणाची ही किल्ली कुंट्यांच्या ताब्यात, म्हणजे आमची झेरॉक्सच्या दुकानातली भाची. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका. हुशार कोण, दुसरं कोण, एवढंच सांगायचं. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात जास्त बरोबर चोवीस, तेही एकाचेच. सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. बरोबर आल्या एकशे दोन.

“एकशे दोन म्हणजे निम्म्याहून वर ना?” ज्योतिषी गुरुजी म्हणाले. “आणि चोवीसवाला तर चांगलाच आहे. साठ टक्के!”

सरांनी खिशातून रुपया काढला. “हा चाळीस वेळा उडवला, तर चोवीस किंवा जास्त वेळा बरोबर सांगायची याची शक्यता तेरा टक्के. असे सत्तावीस रुपये उडवले, तर तीन-चार रुपये चोवीसपर्यंत पोचतील. पुण्यात एकच पोचला.”

गुरुजी चिडले नाहीत. उलट जानव्यात किल्ली अडकवल्यासारखे शांत बसले. मग म्हणाले, “त्या सत्तावीस जणांत मी नव्हतो.” हे मात्र शास्त्रशुद्ध होतं. सरांनी लगेच निमंत्रण दिलं : चाळीस पत्रिका, नांदगावातच, अटी आधी फळ्यावर.

“किती बरोबर आले तर पास?”

“अठ्ठावीस. नुसत्या नशिबाने तेवढे यायची शक्यता शंभरात एकाहूनही कमी.”

“अठ्ठावीस? सत्तर टक्के?” गुरुजींनी पहिल्या बाकावरच्या दोन्ही शिक्षकांकडे न्याय मागितल्यासारखं बघितलं. “दहावीला पस्तीसला पास करतात की हो तुम्ही! त्या हिशेबाने चाळीसपैकी चौदा.”

शिक्षकांना हा मुद्दा रास्त वाटला. सर म्हणाले, “गुरुजी, त्या हिशेबाने हा रुपयाही पास होतो. पन्नास टक्के. सेकंड क्लास.”

गुरुजींनी रुपया हातात घेतला, चष्मा वर करून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मग याचीच पत्रिका आधी मांडतो. साल तर छापलेलंच आहे. वेळ तेवढी टाकसाळीतून मागवून घ्या.”